कंट्रोलरमधून एक्सएमएल परत करताना: स्ट्रिंग जोडणं आधी थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं वेब ॲप्लिकेशन तुम्ही सांभाळता. डाळ मिलवाल्यांना रोजचे सौदे एक्सएमएलमध्ये (टॅगमध्ये माहिती लिहायचं एक स्वरूप) हवे असतात. तुम्ही कंट्रोलरमध्येच (विनंती आली की उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) टॅग आणि माहिती एकमेकांना जोडत एक लांबलचक स्ट्रिंग तयार करता आणि तीच परत करता. तुमच्या ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा ठीक दिसतं. मिलकडे मात्र गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन पोचतात, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी अख्खी फाइलच नाकारली जाते. कंट्रोलर नक्की कसा लिहायचा, आणि त्यापेक्षा मिलवाल्यांना जेसन हे दुसरं स्वरूपच घ्यायला सांगावं का, हे तुम्हाला हवंय.

मी जालन्यापासून उदगीरपर्यंत आडत, जिनिंग आणि डाळ मिल यांचीच सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं करत आलोय, आणि तुमच्या दोन्ही अडचणी मी स्वतः भोगल्यात. दोन्ही एकाच सवयीतून येतात: कंट्रोलरने एक्सएमएल स्वतःच्या हाताने लिहिणं. कंट्रोलरने फक्त माहिती गोळा करून एक ऑब्जेक्ट परत करावा आणि तो कोणत्या स्वरूपात जाईल ते सांगावं. त्या ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणं हे सिरियलायझरचं, म्हणजे तेवढ्यासाठीच असलेल्या लायब्ररीचं काम. हे एवढं बदललंत तर निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपतो. उरलेला का होतो आणि कुठे बघायचा, ते सविस्तर सांगतो.

आधी ‘आठवड्यातून एखाद्या दिवशी’चं बघू. ज्या दिवशी फाइल फुटली त्या दिवसांची खरेदीदारांची यादी काढा आणि त्यात ‘&’ हे चिन्ह असलेलं एखादं नाव सापडतं का ते पाहा. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. हळदीचा हंगाम, दिवसाला तीनशेच्या वर पट्ट्या (शेतकऱ्याच्या विक्रीचे हिशोब), आणि एका फर्मच्या नावात ‘&’. तो व्यापारी ज्या दिवशी बोली लावून माल घ्यायचा त्या दिवशी फाइल मोडायची, नाही आला की सुरळीत. आम्ही चार दिवस नेटवर्कला दोष देत बसलो होतो.

एक्सएमएलमध्ये ‘&’ आणि ‘<’ ही दोन चिन्हं मजकुरात तशीच लिहिता येत नाहीत. ‘&’ लिहायचं तर ‘&’, मग ‘एएमपी’ ही अक्षरं, मग अर्धविराम, असं लिहावं लागतं. आणि एक्सएमएलचा पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्रॅम) एचटीएमएलसारखं सांभाळून घेत नाही. १९९८ साली डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) एक्सएमएल १.० प्रसिद्ध केलं तेव्हाच नियम घातला गेला की रचना मोडलेली दिसली की पार्सरने तिथेच थांबायचं, पुढचा अंदाज बांधायचा नाही. म्हणून एका नावापायी तीनशे पट्ट्या अडतात. मला हा नियम पटतो. पैशांच्या कागदात अर्धवट वाचलेल्या आकड्यापेक्षा न वाचलेला कागद बरा.

आता तुम्ही म्हणाल, मग स्ट्रिंगमध्ये ‘&’ बदलून टाकतो. मीही तेच केलं होतं. आधी ‘<’ बदलला आणि नंतर ‘&’, तर पहिल्या बदलातला ‘&’ पुन्हा बदलला गेला. क्रम सुधारला, तर दुसऱ्या एका ठिकाणी तेच फंक्शन दोनदा चाललं आणि मिलच्या बिलावर नावामध्ये ‘एएमपी’ छापून आलं. कुणी सीडेटामध्ये (‘आतलं जसंच्या तसं घ्या’ असं सांगणाऱ्या एक्सएमएलच्या कप्प्यात) गुंडाळायला सांगेल. त्याने ‘&’ सुटतो, पण नियंत्रण-चिन्हं सुटत नाहीत, आणि आपल्या धंद्यात ती नेमकी येतात. इलेक्ट्रॉनिक काट्यांची बरीच मॉडेलं सिरियल पोर्टवरून वजन पाठवताना आकड्याच्या आधी आणि नंतर एकेक न दिसणारं चिन्ह जोडतात, कोड २ आणि कोड ३. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती काढली नाहीत तर ती वजनाबरोबर डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. स्क्रीनवर काहीच दिसत नाही. एक्सएमएल १.० मध्ये मात्र टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न सोडून ३२ च्या खालचं एकही चिन्ह चालत नाही, सांकेतिक रूपात लिहिलं तरी नाही. सिरियलायझर इथे एरर देईल, किंवा काही लायब्ररी मुकाट्याने लिहून टाकतील आणि समोरचा पार्सर नाकारेल. म्हणून ही साफसफाई काट्याच्या जवळ, माहिती आत येतानाच करा. वजन हे संख्या म्हणूनच साठवा, स्ट्रिंग म्हणून नको.

याच्याच शेजारचं एक दुखणं म्हणजे जुन्या फाँटमधली मराठी. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत शेतकऱ्यांची नावं अजून युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. तिथे डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी कीबोर्डची चिन्हं असतात, त्यात ‘<’ आणि ‘&’ सुद्धा येऊ शकतात. असली नावं एक्सएमएलमध्ये घालून उपयोग नाही. समोर तो फाँट नसेल तर वाचताच येणार नाहीत. आधी एकदा बसून युनिकोडमध्ये रूपांतर करा, दुसरा मार्ग नाही.

आता प्रश्नचिन्हं. इथे जरा सावकाश जाऊ, कारण हा भाग नीट कळला की पुढे कधीच अडणार नाही.

मिलवाल्यांकडे नेमकं काय दिसतं ते त्यांच्याकडून फोटो मागवून बघा. ‘परभणी’च्या जागी ‘?????’ दिसत असेल तर माहिती तुमच्याच सर्व्हरवर मेलेली आहे. कुणीतरी ती देवनागरी नसलेल्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत) बदलली आणि ज्या अक्षराला जागा सापडली नाही त्याजागी प्रश्नचिन्ह टाकलं. ते परत मिळवता येत नाही. पण प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र लॅटिन चिन्हं दिसत असतील, तर बाइट बरोबर गेलेत, वाचणाऱ्याने चुकीच्या एन्कोडिंगने वाचलेत. पहिल्यात दोष पाठवणाऱ्याकडे, दुसऱ्यात बहुतेक वेळा हेडरमध्ये. फोनवर ‘मराठी येत नाही’ एवढंच सांगतात, त्यामुळे दोन्ही आजार एकच वाटतात आणि औषध चुकतं.

तुमचा आजार पहिला आहे, आणि स्ट्रिंग परत करण्याची सवय त्याला कारणीभूत असण्याची शक्यता मोठी. साध्या स्प्रिंग एमव्हीसीमध्ये (जावाचं एक वेब फ्रेमवर्क) कंट्रोलरने स्ट्रिंग परत केली की ती बाइटमध्ये बदलणारा कन्व्हर्टर, वेगळं काही सांगितलं नसेल तर, आयएसओ-८८५९-१ हे एन्कोडिंग धरतो. त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. स्प्रिंग बूट हे आपणहून यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिपी मावणारं एन्कोडिंग) करून देतं, म्हणूनच एका प्रोजेक्टमध्ये चाललेला तोच कोड दुसऱ्या, जुन्या प्रोजेक्टमध्ये प्रश्नचिन्हं देतो. आधी डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं नाहीत ना, तेही पाहून घ्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम ‘एनव्हारचार’ऐवजी साधा ‘व्हारचार’ असेल तर नाव बहुधा तिथेच गेलेलं असतं.

एक्सएमएलचं एन्कोडिंग तीन ठिकाणी ठरतं: एचटीटीपी हेडरमधला कॅरसेट (एन्कोडिंगचं नाव), फाइलच्या पहिल्या ओळीतलं डिक्लरेशन, आणि प्रत्यक्ष बाइट. तिन्ही एकच बोलले पाहिजेत. डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटर वापरून एक्सएमएल तयार केलं की डिक्लरेशनमध्ये ‘यूटीएफ-१६’ लिहिलं जातं, कारण तिथली स्ट्रिंग आतून तशी असते. मग फ्रेमवर्क तीच स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये पाठवतं. ब्राउझर हेडरकडे बघून चालवून घेतो. पण मिलवाल्याने तो प्रतिसाद डिस्कवर फाइल म्हणून ठेवला आणि मग उघडला, की हेडर गेलेला असतो, उरतं फक्त खोटं डिक्लरेशन. स्ट्रीमवर थेट लिहिलं तर हा घोळ होत नाही.

कंटेंट-टाइप म्हणून ‘ॲप्लिकेशन/एक्सएमएल’ द्या आणि सोबत कॅरसेट यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ टाळा. २०१४ च्या आरएफसी ७३०३ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) दोन्ही सारखेच मानलेत, पण त्याआधीच्या २००१ च्या आरएफसी ३०२३ मध्ये ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ला कॅरसेट नसेल तर शुद्ध आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग धरायचं, असा नियम होता. त्या काळात लिहिलेली क्लायंट सॉफ्टवेअर अजून चालू आहेत, आणि मिलमधली संगणकं लोक दरवर्षी बदलत नाहीत.

कंटेंट-लेंग्थ (प्रतिसादाची बाइटमधली लांबी) हाताने लिहीत असाल तर तेही सोडून द्या. ‘परभणी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हं आहेत: प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे पंधरा बाइट. स्ट्रिंगची लांबी पाच म्हणून हेडरमध्ये तोच हिशोब धरलात तर फाइलचं शेपूट कापलं जातं आणि शेवटचा टॅग पोचतच नाही.

आता आकडे. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे यात अडकाल म्हणून सांगतो. जावा ९ पासून मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) वापरून संख्या फॉरमॅट केली तर ती देवनागरी अंकांत येते, आणि त्यात स्वल्पविरामही येतात. पट्टीवर छापायला ते सुंदर. पण एक्सएमएलमध्ये

<भाव>७,२५०</भाव>

असं गेलं तर समोरचा पार्सर त्याला संख्या मानत नाही. तिथे

<भाव>7250.00</भाव>

असंच जायला हवं. शेतकऱ्याला द्यायची पट्टी आणि मिलला द्यायचं एक्सएमएल हे दोन वेगळे वाचक आहेत, त्यांना एकाच फॉरमॅटिंगच्या फंक्शनमधून काढू नका. भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम हे सगळं दशांश प्रकारातच ठेवा, जावात बिगडेसिमल, डॉटनेटमध्ये डेसिमल. फ्लोट नको. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी, आणि वेळ असेल तर पुढे +०५:३०, तेही 0 ते 9 याच अंकांत.

प्रत्यक्ष कंट्रोलर. स्प्रिंग बूटमध्ये जॅक्सन या सिरियलायझरचं एक्सएमएल मॉड्यूल डिपेंडन्सीमध्ये जोडा, मेथडच्या मॅपिंगवर ‘प्रोड्यूसेस’मध्ये ॲप्लिकेशन/एक्सएमएल लिहा आणि मेथडमधून ऑब्जेक्ट परत करा. झालं. जॅक्स-बी हा दुसरा सिरियलायझर वापरायचा असेल तर जावा ११ पासून तो जेडीकेमध्ये (जावाच्या मूळ संचात) येत नाही, वेगळा जोडावा लागतो. उघडी लिस्ट परत करू नका, नाहीतर मुळाशी जावाच्या क्लासचं नाव आणि आत ‘आयटेम’ असले टॅग येतील. ‘दिवसाचे सौदे’ असा एक क्लास करा, त्यात तारीख, बाजार समितीचा कोड आणि सौद्यांची यादी ठेवा.

एएसपी डॉटनेट कोअरमध्ये सुरुवातीलाच एक्सएमएल सिरियलायझर फॉरमॅटर जोडावे लागतात, आपोआप येत नाहीत. क्लास पब्लिक आणि त्याला रिकामा कन्स्ट्रक्टर हवा. डेटाकॉन्ट्रॅक्ट प्रकारचा सिरियलायझर वापरलात तर तो टॅग वर्णानुक्रमाने लावतो, आणि वाचताना क्रम चुकला तर एरर न देता ती जागा रिकामी सोडतो. मी तो टाळतो. जँगो किंवा लाराव्हेलमध्ये टेम्प्लेटमधूनच एक्सएमएल काढायची पद्धत आहे. एस्केपिंग चालू आहे याची खात्री असेल तर ठीक, फक्त टेम्प्लेटच्या सुरुवातीला एकही रिकामी ओळ राहू देऊ नका. डिक्लरेशनच्या आधी एक स्पेस जरी आली तरी पार्सर नाकारतो.

आणि डेटाबेसचा एंटिटी क्लास (टेबलमधले सगळे कॉलम असलेला क्लास) तसाच्या तसा परत करू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्या क्लासमध्ये शेतकऱ्याचा मोबाइल असतो, बँक खातं असतं. सिरियलायझर विचार करत नाही, दिसेल ते लिहितो. उद्या कुणी त्या टेबलमध्ये आधारचा कॉलम वाढवला की तोही मिलकडे निघाला. बाहेर जायच्या माहितीसाठी वेगळा छोटा क्लास ठेवा आणि त्यात मिलला लागतं तेवढंच भरा. एवढं केलं की एंटिटीच्या आपसातल्या संदर्भांमुळे सिरियलायझर गोल गोल फिरत राहण्याचा प्रकारही थांबतो.

ब्राउझरमध्ये ‘ठीक दिसतं’ याला फार किंमत देऊ नका. ब्राउझर विनंती करताना ॲक्सेप्ट हेडरमध्ये आधी एचटीएमएल मागतो आणि त्यानंतर थोड्या कमी पसंतीने एक्सएमएल. जेसनचं नावच नसतं, ते शेवटच्या ‘काहीही चालेल’मध्ये येतं. म्हणून स्प्रिंगमध्ये एक्सएमएल मॉड्यूल जोडलं की कालपर्यंत ब्राउझरला जेसन देणारे तुमचे बाकीचे पत्तेही अचानक एक्सएमएल दाखवायला लागतात. घाबरू नका, जिथे जे हवं ते ‘प्रोड्यूसेस’मध्ये स्पष्ट लिहा. एकाच पत्त्यावर दोन्ही स्वरूपं देत असाल तर प्रतिसादात ‘व्हेरी: ॲक्सेप्ट’ हेडर घाला, नाहीतर मधला कॅशे एकाचं दुसऱ्याला देईल. मिलसाठी मी तर वेगळा पत्ताच ठेवतो.

एरर आली तरी प्रतिसाद एक्सएमएलच हवा. सेशन संपलं की बहुतेक ॲप्लिकेशन लॉगिन पानाकडे वळवतात. मिलचा प्रोग्रॅम मुकाट्याने तिकडे जातो, २०० (‘सगळं ठीक’) स्टेटससह एचटीएमएल मिळवतो, आणि त्यातल्या बंद न केलेल्या टॅगवर अडखळून ‘तुमचं एक्सएमएल चुकीचं आहे’ म्हणतो. मशीनसाठीच्या पत्त्यावर ४०१ (‘आधी लॉगिन करा’) द्या, आत एरर-कोड आणि साध्या मराठीत एक ओळ. एररची रचना स्वतः ठरवायची नसेल तर आरएफसी ९४५७ मध्ये तयार आहे. फार मोठी यादी स्ट्रीम करत असाल तर एक धोका लक्षात ठेवा: निम्मी फाइल गेल्यावर डेटाबेसने मान टाकली तरी २०० आधीच गेलेलं असतं. दिवसाच्या सौद्यांएवढी माहिती मेमरीत सहज मावते, तेव्हा आधी पूर्ण तयार करा, मग पाठवा.

टॅगची नावं मराठीत ठेवता येतात का? येतात, वर मी तशीच लिहिली आहेत. पण एक खाच आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. एक्सएमएल १.० च्या जुन्या आवृत्त्यांमधली टॅगच्या नावात चालणाऱ्या अक्षरांची यादी त्याच्या कितीतरी आधीची, आणि २००८ च्याच पाचव्या आवृत्तीने ती सैल केली तरी बरेच पार्सर अजून जुनी यादी पाळतात. ‘ऱ्य’ काढण्यासाठी कुणी न दिसणारं जोडचिन्ह वापरलं असेल तर तेही तिथे अडतं. मजकुरात ही दोन्ही बिनदिक्कत चालतात, अडचण फक्त टॅगच्या नावात. म्हणून टॅग इंग्रजीत आणि आतला मजकूर मराठीत, अशी माझी पद्धत. जिल्हा-तालुक्यासाठी नावासोबत सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला (एलजीडी) कोडही द्या. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा ज्यांनी नावावर जुळणी ठेवली होती त्यांच्या याद्या विस्कटल्या. कोडवाल्यांना एक ओळ बदलावी लागली.

मिलकडून पावत्या एक्सएमएलमध्ये परत येत असतील तर वाचताना डीटीडी (फाइलमध्येच लिहिलेले रचनेचे नियम) आणि बाहेरच्या एंटिटी (दुसरी फाइल आत ओढणारे संदर्भ) बंद करा. त्या उघड्या ठेवल्या तर कुणी तुमच्या सर्व्हरवरची फाइल वाचू शकतो.

राहिलं जेसन. नवीन काम असतं तर मीही जेसन म्हटलं असतं. पण मिलवाल्यांकडे बहुधा टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, आणि टॅली बाहेरच्या प्रोग्रॅमशी वर्षानुवर्षं एचटीटीपीवरून एक्सएमएलमध्येच बोलत आलंय, सहसा ९००० या पोर्टवर. त्यांच्या माणसाने त्याभोवती सगळं बसवलेलं असेल. तुमच्या चार ओळी वाचाव्यात म्हणून त्याला अख्खं बदलायला लावणं बरोबर नाही. फक्त एवढं विचारून घ्या की फाइल थेट टॅलीत जाते की मधे त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम आहे. थेट जात असेल तर टॅग त्यांच्या साच्यातले लागतील आणि तारीख सलग आठ अंकांची, मधे रेघ न घालता.

बदल केल्यावर ब्राउझर बाजूला ठेवून कर्लने (कमांडवरून विनंती पाठवणारं साधन) हेडरसकट प्रतिसाद मागवा, नुसतं एक्सएमएल फाइलमध्ये ठेवा आणि ती एक्सएमएललिंटमधून (एक्सएमएल तपासणारं साधन) काढा. नंतर तीच फाइल हेक्समध्ये उघडून ‘परभणी’ शोधा. पहिले तीन बाइट ई०, ए४, एए असे दिसले तर ‘प’ सुखरूप गेला. तिथे ३एफ दिसला तर ते प्रश्नचिन्ह आहे, आणि मग कन्व्हर्टरपासून पुन्हा सुरुवात करा. चाचणीसाठी एक नकली सौदा कायमचा ठेवा: खरेदीदाराच्या नावात ‘&’, गावाच्या नावात ‘ऱ्य’, शेऱ्यात ‘<’, आणि रक्कम लाखाच्या वर. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आधी तो एकदा पाठवून बघा, आणि पहिल्यांदा पाठवाल तेव्हा मिलच्या माणसाला फोनवर धरून ठेवा, म्हणजे त्यांच्या स्क्रीनवर काय उमटलं ते त्याच क्षणी कळेल.